अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

भोरच्या मुलींच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. हिशेबात मी ढ होते, शिवणात त्याहून ढ. पण म्हणी आणि वाक्प्रचार आले, की 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न बाईंच्या तोंडातून पुरा बाहेर पडायच्या आत माझा हात वर असायचा. बाई म्हणायच्या, हिला बाकी काही येवो न येवो, तोंड चालवायला हिला कुणी शिकवायला नको. आई म्हणायची, सासरी गेल्यावर हेच तोंड हिला नडणार आहे. आईचं अर्धं खरं झालं.

सासर वेल्ह्याच्या बाजूला, तोरण्याच्या पायथ्याशी. संस्थान विलीन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि आम्ही भोरची माणसं अजून राजाच्या गावची म्हणून ताठ्यात होतो. वेल्ह्यापर्यंत बैलगाडी आली, तिथून पुढं पायवाट. थोडी घरं, उतारावर भाताची खाचरं, वर जंगल, जंगलाच्या वर धनगरांचा वाडा. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. शेजारच्या घरात मोठे दीर. आणि घरात हे.

हे पलटणीत होते. मोठ्या लढाईत सिंगापूरला गेले, तिथं जपान्यांच्या हाती सापडले आणि सगळी मेली म्हणून घरच्यांनी आशा सोडल्यावर परत आले. मला त्यांना दिली तेव्हा त्यांचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. बोलणं कमी. लाकूड कापायचे. लांबलचक दोनमाणशी करवत होती, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला दीर, आणि दिवसभर तिचा आवाज गावात घुमायचा. स्वभावानं गरीब माणूस. पहिल्या वर्षात माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही. माझ्या मैत्रिणींच्या नवऱ्यांच्या गोष्टी ऐकल्यावर मला आपलं नशीब थोर वाटायचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात गावानं विहीर खणायला घेतली. होळी झाली की ओढा आटायचा आणि मग बायकांनी डोंगरातल्या झऱ्याला जायचं, वाटीवाटीनं हंडा भरायचा. म्हणून सगळ्या घरांतले पुरुष मिळून ओढ्याच्या काठी खणत होते. वरचा मुरूम सुटला, मग कातळ लागला. कातळाला सुरुंग लावायला हवा होता आणि पलटणीतला माणूस गावात एकच.

मी त्या दिवशी भाकऱ्या घेऊन तिथं गेले होते, म्हणून जे झालं ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. दीर म्हणाले, "ये, जरा खाली उतरून बघ. भोकं कुठं पाडायची त्ये सांग." हे काठापर्यंत गेले. वाकून बघितलं. मग दोन पावलं मागं आले, हसले, आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले,

"गिन ग्वो ग्वाय, पा हाक."

"काय म्हनलास?" दिरांनी विचारलं.

"काय न्हाई. तिकडं म्हनत्यात. भूत बघितल्याला मानूस अंधाराला भितो."

हे पुन्हा हसले. दुसरं कुणी हसलं नाही. खाली कातळावर दोघं जण पहार मारत होते, ते थांबले. "वडा, वडा आमाला," असं खालून ओरडले, आणि वर आले ते पहारी खालीच टाकून. भाकऱ्या कुणी खाल्ल्या नाहीत. मी टोपली तशीच परत आणली.

संध्याकाळपर्यंत गावात गोष्ट तयार होती. ह्यांनी विहिरीत भूत बघितलं, स्वतःच्या तोंडानं सांगितलं. वर आणखी अनोळखी भाषेत त्याच्याशी बोलले. आत्याबाई त्या वेळी तिथं नव्हत्या, पण त्यांना सगळं कळलं होतं. त्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "हाक म्हनला म्हनं त्यो. कुनाला हाक घालत हुता?" मी ऐकलेलं सांगितलं. शेवटी 'हाक' होतं हे खरं. 'ग्वाय'चं काय करायचं ते मात्र आम्हाला दोघींनाही सुचलं नाही.

विहिरीचं काम बंद पडलं. माणसं त्या वाटेनं जाईनाशी झाली.

मला कुणी विचारेल, तू तर म्हणींची पंडित, तुला एवढं कळलं नाही? नाही कळलं. आपली म्हण आपल्याला दिसत नाही. गाढवापुढं गीता म्हणताना कुणाला गाढव दिसतं? पण परकी म्हण पहिल्यांदा कानावर पडते तेव्हा तिच्यात नुसतं चित्रच असतं. मला अंधार दिसला, त्यात भूत दिसलं, आणि त्या भुताकडं बघून हसणारा माझा नवरा दिसला. मी घाबरले.

भुताचे पाय उलटे असतात हे लहानपणापासून ऐकलेलं. हे कामावरून येऊन दारात पाय धुवायचे तेव्हा मी कोपऱ्यातून त्यांच्या टाचा बघायचे. टाचा मागंच होत्या. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. ताटात भाकरी वाढताना हात लांब करून वाढायचे. ते जेवत असले की मनात यायचं, हे जेवतंय कोण? ते काही मागायला माझ्याकडं वळले की माझ्या हातातली वस्तू पडायची. बिचारे उचलून द्यायचे, आणि त्यांचं बोट लागू नये म्हणून मी ती जमिनीवरूनच घ्यायचे. रडू यायचं, पण रडायची चोरी. भोरला पळून जावं असं रोज वाटायचं. पण वाट जंगलातली, एकटीनं जायची भीती, आणि जाऊन सांगणार काय? नवरा चांगला आहे पण तो नवराच आहे की नाही ते माहीत नाही?

गावातल्या बायका झऱ्यावर माझ्यापासून लांब उभ्या राहू लागल्या. एकीनं आपलं पोर माझ्या सावलीतून ओढून घेतलं. ते पाहून आत्याबाईंनी कंबर कसली आणि दरीच्या पलीकडून एका देवरशाला बोलावणं धाडलं.

देवरशी दुपारी आला. अंगणात बसला, ऊद जाळला, ह्यांना समोर बसवलं. "काय म्हनला हुतास त्ये परत म्हन," असं त्यानं सांगितलं. ह्यांनी मान खाली घालून ते वाक्य म्हटलं. अंगण भरलं होतं आणि सगळे एक पाऊल मागं सरले. मीही सरले.

देवरशी डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "परमुलखाचं हाय. आपली भाषा त्येला येत न्हाई, म्हनून अंगाऱ्याला जुमानायचं न्हाई. ह्याच्यासंगं आलं आन् हिरीत जागा बघून बसलं." उपाय त्यानं सांगितला तो असा. ह्यांनी उतारा घेऊन स्वतः विहिरीच्या तळाला जायचं, तिथं बसून नारळ फोडायचा. आणि मग दिरांकडं वळून तो म्हणाला, "एक ध्येनात ठेवा. खाली ग्येल्यावर ते वरडंल. ह्याच्याच आवाजात वरडंल, वर घ्या म्हनंल, तुमच्या नात्यानं हाका मारंल. दोर वडायचा न्हाई. वडलात तर ते ह्याच्या अंगात कायमचं ऱ्हाईल. शांत झालं, की मंग वडा."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ऊन नव्हतं तिथं ते बसले होते, तरी मानेवरून घाम वाहत होता. ते म्हणाले, "बरं."

त्या घामानं मला पहिल्यांदा शंका आली. भुताला घाम कशाला येईल? दुसऱ्या दिवशी हे मागच्या पडवीत करवतीच्या दात्यांना कानस मारत बसले होते. आत्याबाई शेतावर गेलेल्या. मी दारातच उभी राहिले, आत जायचा धीर नव्हता.

"खरं सांगा," मी म्हटलं. "दिसायला कसं होतं ते?"

"काय?"

"भूत."

कानस थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरलेली बघितली, आणि त्यांचा चेहरा पडला. "तू बी?" एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "बस हितं. लांब बस, पर बस."

जपान्यांनी त्यांना एका लाकडाच्या वखारीत जुंपलं होतं. अशीच दोनमाणशी करवत, आणि समोरच्या टोकाला एक चिनी. कँटनकडचा, ह्यांच्याच वयाचा. ह्यांना त्याची भाषा येईना, त्याला ह्यांची. पण करवत ओढायची तर दोघांचा श्वास एक लागतो, म्हणून हळूहळू शब्द जमले. मग एकदा वखारीतल्या माणसांना डोंगरात नेलं, बोगदा खणायला. बोगदा बसला. हे आणि आणखी काही जण आत. माती छातीपर्यंत आली, मग तोंडापर्यंत. बाजूचा माणूस आपलीच भाषा बोलणारा होता, तो आधी बोलत होता, मग बोलायचा थांबला. त्या चिन्यानं हातांनी माती उकरून ह्यांना बाहेर काढलं.

"त्याच्या म्होरं कुनी आमाला म्हनलं, जा, त्या खड्ड्यात उतर, त्या गुहेत सामान ठेव, की त्यो हसायचा आन् त्ये म्हनायचा. गिन ग्वो ग्वाय, पा हाक. ग्वाय म्हंजी भूत. हाक म्हंजी काळोख. म्हंजी एकदा आमी बघितलंय, आता सावली बी नको. हसतच म्हनायचं असतं त्ये. न्हाई म्हनायची रीत हाय ती. भुताचा काय संबंध न्हाई त्यात."

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात शाळा भरली. म्हटलं, "म्हणजे दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं."

"त्येच."

"मग ताकाचंच म्हणायचं होतं! सगळ्या गावाला कळलं असतं."

हे करवतीवर हात फिरवू लागले. मग म्हणाले, "ताकाचं म्हनलं की लोक इचारत्यात, दूध कंचं. भुताचं कुनी काय इचारत न्हाई."

मी सरकून त्यांच्याजवळ बसले. कित्येक दिवसांनी मी त्यांच्या इतक्या जवळ बसले होते. हायसं वाटलं, अगदी रडू फुटावं इतकं. पण ते हायसं वाटणं फार टिकलं नाही, कारण लगेच मला समजलं की उपाय काय ठरलाय. ज्या माणसाला मातीनं एकदा गिळलं होतं, त्याला ही माणसं दोर बांधून जमिनीच्या पोटात सोडणार होती. आणि तो ओरडला तर ऐकणार नव्हती. भुताची भीती होती तेव्हा निदान पळून जाता येईल असं वाटायचं. ही भीती वेगळी होती. हिला तारीख ठरली होती.

"सांगा त्यांना," मी म्हटलं. "आत्ता सांगा."

"काय सांगू? पलटनीतला गडी खड्ड्याला भितो?" त्यांनी कानस उचलली. "जरा वेळाचं काम हाय. उतारा ठेवायचा, नारळ फोडायचा, वर यायचं. गावाला पानी तरी मिळंल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तू सांगितलंस तर म्या गावात राहनार न्हाई."

तरी मी आत्याबाईंना सांगितलं. त्या धान्य पाखडत होत्या. सगळं सांगितलं, बोगदा, माती, चिनी, म्हण, अर्थ. बाईंना शाळेत सांगायचे त्याहून नीट सांगितलं. आत्याबाईंचं सूप थांबलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझा ल्योक भितरा न्हाई. लढाईवरनं जित्ता आलाय त्यो. त्येला लागलंय, आन् त्ये तुज्याकडनं बी बोलाय लागलंय." मग सूप खाली ठेवून त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा लावला. त्याही घाबरल्या होत्या, आणि त्यांच्या भीतीला माझ्या म्हणीचा अर्थ लागू पडत नव्हता. मुलगा झपाटलेला असला तर तो बरा होतो. भित्रा असला तर आई काय करणार?

ठरल्या दिवशी उन्हं कलल्यावर सगळे विहिरीवर जमले. ह्यांनी आंघोळ केली होती. काखेतून आणि कमरेतून दोर घेतला, हातात उताऱ्याची पाटी आणि नारळ. वर आडव्या टाकलेल्या ओंडक्यावरून दोर सोडायचा होता, दीर आणि चार गडी तो धरून उभे होते. मी बायकांत मागं. डोक्यावरचा पदर मी दातांत धरला होता, कारण दातांना दुसरं काही काम दिलं नसतं तर ते वाजले असते. जाताना ह्यांनी एकदा बायकांकडं बघितलं. मला बघितलं की नाही कोण जाणे. मग ते काठावरून खाली दिसेनासे झाले.

दोर हळूहळू सरकत होता. मग दोर ढिला पडला, म्हणजे ते तळाला टेकले. मी देवाला म्हणत होते, आता नारळ फुटू दे. नुसता नारळ फुटल्याचा आवाज येऊ दे.

दोराच्या घासण्यानं काठाचा मुरूम सुटला होता. एक ढेकूळ निघालं, आणि त्यामागून ओंजळभर माती खाली गेली. मी ती जाताना बघितली.

आणि खालून आवाज आला. "दादा, वर घ्या." पहिल्यांदा साधाच, सांगितल्यासारखा. मग मोठ्यानं. मग त्यात शब्दच राहिले नाहीत, मग पुन्हा शब्द आले, "माती, दादा, माती." दिरांच्या हातांना झटका बसला. देवरशी म्हणाला, "वडू नका. सांगितलं हुतं न्हवं?" आत्याबाईंनी दिरांच्या दंडाला मिठी मारली. त्या रडत म्हणत होत्या, "त्यो न्हाई त्यो, बाळा. त्यो न्हाई. त्यो माझा न्हाई."

खालून "आई" अशी हाक आली. आत्याबाईंनी कान झाकले.

मी ह्या जन्मात पुष्कळ भ्याले आहे. पाचव्या महिन्यात रक्त गेलं तेव्हा भ्याले, पानशेत फुटल्याची बातमी आली तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या भाच्यासाठी भ्याले. पण तशी भीती पुन्हा नाही. कारण आवाज ओळखीचा होता, तो माझ्या माणसाचा होता, आणि तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनी तो त्याचा नाही असं ठरवलं होतं. मी ओरडले असते तर मलाही लागलंय म्हणाले असते. आदल्या दिवशीचा अंगारा तर लावलेलाच होता.

मग खाली सगळं गप्प झालं.

देवरशानं हात वर केला. "शांत झालं. आता जरा थांबा." त्याला बरं वाटलं ते दिसत होतं. मला त्या गप्प होण्याचा अर्थ माहीत होता. बाजूचा माणूस आधी बोलत होता, मग बोलायचा थांबला.

मी बायकांतून बाहेर आले. पदर सुटला, तो घेतला नाही. पुरुषांमधून वाट काढून काठावर गुडघ्यांवर बसले आणि ह्यांचं नाव घेऊन हाक मारली. ज्यांनी त्या काळातलं खेडं बघितलेलं नाही त्यांना ह्यात विशेष वाटणार नाही. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसायचं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही बायकांच्या घोळक्यात, तोंडातल्या तोंडात. इथं दीर उभे होते, सासू उभी होती, सगळं गाव उभं होतं. मी भोरच्या शाळेत पाढे म्हणायचे त्या आवाजात ओरडले, नुसतं नाव, जी नाही, राव नाही.

खालून काही नाही.

मागं कुणी तरी श्वास घेतलेला ऐकू आला. देवरशी हलक्या आवाजात म्हणाला, "बगा. नावाला ओ न्हाई. मानूस तिथं न्हाईच. आता तर वडूच नका."

मी दुसऱ्यांदा हाक मारली. काही नाही. खाली नुसता काळोख होता आणि मला वाटलं, संपलं. माती पडली, किंवा छाती फुटली, आणि आम्ही सगळे वर उभं राहून ती फुटायची वाट बघत होतो. माझा आवाज गेला होता. तिसरी हाक मी मारली ती हाक नव्हतीच, नुसता फाटका आवाज होता, पण त्यात नाव होतं.

"ओ," खालून आलं. अगदी बारीक, शाळेत हजेरीला देतात तशी.

दिरांनी आत्याबाईंना बाजूला केलं. "माझा भाव हाय ह्यो," ते म्हणाले. "वडा."

हे वर आले तेव्हा केसांत माती होती आणि नारळ मुठीत तसाच होता, न फुटलेला. बोटं सोडवून काढावा लागला. त्यांनी कुणाकडंही बघितलं नाही. देवरशानं जमलेल्यांना सांगितलं, की सुनेनं चारचौघांत दादल्याचं नाव घेतलं, त्या लाजेनं भूत पळालं. लोकांना ते पटलं. मलाही चाललं. दुसऱ्या गावच्या माणसानं येऊन सुरुंग लावले आणि पावसाच्या तोंडावर विहिरीला पाणी लागलं.

मी त्या विहिरीवर कधी वाकले नाही. दुसऱ्या बायकांना शेंदून द्यायला लावायचे. "एवडी का भितीस?" असं कुणी विचारलं की मी हसून ते चिनी वाक्य म्हणायचे. मराठीत अर्थ सांगायची चूक मात्र केली नाही. मग पुन्हा कुणी विचारायचं नाही.

ह्यांच्यावर मात्र मला राग होता. माझ्या मनात तो खूप दिवस खदखदत राहिला, कारण पहिल्या दोन हाकांना त्यांचं ओ न देणं मला विसरता येत नव्हतं. शेवटी एका सकाळी, दीर करवतीवर यायच्या आधी, मी विचारलं.

"पहिल्या हाकेला ओ का दिली नाही?"

हे ओंडक्यावर रेघ आखत होते. त्यांनी ती रेघ टोकापर्यंत नेली.

"म्या तिथं बसलो हुतो," मग म्हणाले. "वर समदी म्हनत हुती, वडू नका. दादा बी वडंना. आई बी बोलंना. आन् मंग कुनी बाई माझं नाव घेऊन हाक मारतीय. त्या आवाजानं माझं नाव म्या कधी ऐकलं नव्हतं. कोन असंल? म्हनलं, खरंच हाय की काय हितं काय तरी. आईनं ल्हानपनापासनं सांगितलंय, नावानं हाक आली तर पयलीला ओ द्यायची न्हाई, दुसरीला बी न्हाई. तिसरी हाक ते मारत न्हाई."

"म्हणजे तुम्ही मला भूत समजलात."

"व्हय."

"आणि मी तिसरी मारली नसती तर?"

"तर म्या ओ दिली नसती," हे म्हणाले, आणि पुन्हा रेघ आखू लागले.

त्या दिवसापासून मी ह्यांना नावानं हाक मारू लागले. जेवायला, पाणी तापलं म्हणून, काही काम नसलं तरी. दिवसातून एकदा तरी, मोठ्यानं, पडवीतून. आत्याबाई तोंड फिरवून घ्यायच्या, दीर खाकरायचे, आणि गावात माझी जी व्हायची ती शोभा झाली. मी मारायचेच. हे कुठंही असले, कितीही लांब, तरी पहिल्याच हाकेला ओ येईपर्यंत मी दारातून आत जायचे नाही.